सैंधव आणि खडे मीठच वापरतो, मग आयोडीन कुठून येणार?

कोथिंबीरवडी

घरात सहा मोठी माणसं. महिन्याला साधारण पाऊण किलो सैंधव आणि पाऊण किलो खडे मीठ लागतं. खडे मीठ मिठागरावरून सुटं, वर्षाचं एकदम पोतं. त्यात माती असते म्हणून वापरण्याआधी पाण्यात खळबळून घेऊन वाळवतो. पिशवीतलं आयोडीनचं मीठ फक्त ताटात वरून घ्यायला, तेही चिमूटभर. मासे-मटण नाही. अंडी आठवड्यातून दोनदा, दूध-दही रोज. जाऊबाईंना तिसरा महिना आहे. सासूबाईंची थायरॉइडची गोळी चालू, सासऱ्यांना बीपी.

१) समुद्राच्या खडे मिठात नैसर्गिक आयोडीन असतं ना?
२) सैंधवात "८४ खनिजं" असतात म्हणतात, त्यात आयोडीन येतं का?
३) मिठात आयोडीन आहे की नाही हे घरी तपासता येतं का? बटाट्यावर मीठ आणि लिंबू टाकून बघायचा प्रयोग खरा आहे का?
४) कोबी, फ्लॉवर, साबुदाणा, बाजरी बंद करावी का?

तोळामासा

आधी हिशेब करू. दीड किलो भागिले तीस दिवस भागिले सहा माणसं, म्हणजे माणशी रोज ८.३ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. म्हणजे तुमच्याकडे मीठ दीडपटीहून जास्त आणि त्यातून आयोडीन जवळपास शून्य. दोन्ही बाजूंनी तोटा.

गरज अशी: मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना १२०, त्याहून लहानांना ९०, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या आईला २५०. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. आयुष्यभराचं आयोडीन एका चमचात मावेल, पण ते रोज थोडं थोडं यावं लागतं.

आपल्याकडच्या नियमाप्रमाणे दुकानातल्या मिठात किमान १५ पीपीएम आयोडीन हवं. पीपीएम म्हणजे एका ग्रॅम मिठात तितके मायक्रोग्रॅम. १५ पीपीएमचं ५ ग्रॅम मीठ खाल्लं तर ७५ मायक्रोग्रॅम, ३० पीपीएमचं खाल्लं तर १५०. स्वयंपाकात साधारण पाचवा हिस्सा जातो असं धरतात. म्हणजे पोटात ६० ते १२०. उरलेलं दूध, दही, अंड्यातून भरायचं. एका अंड्यात २५ मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं. दुधातलं प्रमाण मात्र गाई-म्हशींच्या खाद्यावर ठरतं आणि खूप बदलतं, त्यामुळे एकट्या दुधावर भरवसा ठेवू नका.

तुमच्या घरी नेमकं उलटं चाललंय. आयोडीनचं मीठ ताटात चिमूटभर, म्हणजे अर्धा ग्रॅमसुद्धा नाही, आणि आमटी, भाजी, कणीक, भात या सगळ्यात बिनआयोडीनचं. जिथे मीठ किलोने जातं तिथे आयोडीनचं घाला. सैंधव ताटात किंवा उपासाला ठेवा. चतुर्थी, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस सैंधव खाल्ल्याने काही बिघडत नाही. निरोगी थायरॉइड ग्रंथीत आयोडीनचा काही आठवड्यांचा साठा असतो. बिघडतं ते रोजच्या डब्यात सैंधव आल्यावर.

प्रश्न २ बद्दल: सैंधव म्हणजे खाणीतलं मीठ. ते कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं असलं तरी त्यात आयोडीन नगण्य. गुलाबी रंग लोहाच्या संयुगांचा आहे आणि तेही इतकं कमी की रक्त वाढवायला उपयोग नाही. खनिजं ८४ असोत की १८४, ज्या खनिजासाठी आपण मिठाकडे बघतोय ते त्यात पुरेसं नाही. पादेलोणाचंही तेच. काही कंपन्या सैंधवात वरून आयोडीन घालून विकतात, पण पाकिटावर तसं लिहिलेलं असेल तरच धरायचं.

खाजणवाट

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकून कोकणातली निम्मी मंडळी भांडायला उठतील, पण आकडे बघा.

एक लिटर समुद्राच्या पाण्यात आयोडीन सुमारे ५० ते ६० मायक्रोग्रॅम आणि मीठ साधारण २७ ग्रॅम. सगळंच्या सगळं आयोडीन मिठात उतरलं असं धरलं तरी ग्रॅमला २ मायक्रोग्रॅम होतात, म्हणजे २ पीपीएम. प्रत्यक्षात तेवढंही उतरत नाही. मिठागराच्या कोंडीत मिठाचे खडे आधी बसतात आणि वर जे कडू पाणी उरतं त्यात मॅग्नेशियमबरोबर आयोडीनही राहतं. ते पाणी सोडून देतात. समुद्र आयोडीनचा खजिना आहे हे खरं, पण तो मासळीत आणि शेवाळात साठतो, मिठात नाही.

समुद्रकाठी राहतो म्हणून हवेतूनच आयोडीन मिळतं, हा त्याचाच भाऊ. किनाऱ्यालगतच्या गावांतही कमतरता सापडते. डोंगराळ मुलुखात पावसाने आणि पुराने जमिनीतलं आयोडीन धुपून जातं, म्हणून हिमालयाच्या पायथ्याशी गलगंड पिढ्यान्‌पिढ्या होता आणि आपल्याकडे सातपुड्याच्या पट्ट्यातही आढळत आला. जमिनीत नाही तर धान्यात नाही, चाऱ्यात नाही, दुधात नाही.

आता धुण्याबद्दल. आयोडीन घातलेलं खडे मीठही बाजारात मिळतं, पाकिटबंद. त्यात पोटॅशियम आयोडेटचं द्रावण खड्यांवर फवारतात, त्यामुळे ते खड्याच्या पृष्ठभागावर असतं, आत नाही. आयोडेट पाण्यात विरघळतं. ते मीठ तुम्ही सवयीने खळबळून घेतलंत तर पैसे देऊन घेतलेलं आयोडीन मोरीत. मातीचं सुटं मीठ धुवावंच लागतं, म्हणूनच ते स्वयंपाकाला नको. खडेच हवे असतील तर आयोडीनयुक्त लिहिलेलं पाकीट घ्या आणि धुऊ नका.

दुसरी चूक पावसाळ्यात होते. मिठाला पाणी सुटलं की लोक ते निथळून टाकतात. आयोडेट त्या पाण्यातच उतरलेलं असतं. मीठ ज्या पोत्यात सादळतं त्याच्या तळाला आयोडीन जास्त आणि वर कमी, असं होतं. म्हणून वर्षाचं साठवण नको. एक किलोचं पाकीट आणा, काचेच्या किंवा चिनीमातीच्या झाकणाच्या बरणीत ओता, शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवू नका, चमचा कोरडा. तळाशी कापडाच्या पुरचुंडीत मूठभर तांदूळ बांधून ठेवले तर ओल शोषतात. उन्हात मीठ पसरून वाळवायचं काम नाही.

टायट्रेशन

बटाटा-लिंबाचा प्रयोग भरवशाचा नाही, आणि का नाही ते कळलं तर पुढच्या वेळी कुणी व्हॉट्सॲपवर पाठवला की उत्तर देता येईल.

पिष्टाला निळा-जांभळा रंग येतो तो मोकळ्या आयोडीनमुळे. भारतातल्या मिठात आयोडीन मोकळं नसतं, आयोडेटच्या रूपात असतं. आयोडेटमधून आयोडीन सुटायला आम्ल लागतं आणि वर पोटॅशियम आयोडाइडही लागतं. एक आयोडेट, पाच आयोडाइड आणि आम्ल, तेव्हा आयोडीन बाहेर. लिंबाने फक्त आम्ल मिळतं. शिवाय लिंबातलं सी जीवनसत्त्व सुटलेल्या आयोडीनला लगेच परत आयोडाइड करून रंग घालवतं. म्हणून चांगल्या मिठालाही बटाटा पांढराच राहू शकतो, आणि लोक चांगलं मीठ टाकून देतात.

खरी चाचणी करायची तर मीठ तपासणीचं किट. चमचाभर मिठावर त्यातल्या द्रावणाचा एक थेंब, जांभळा रंग आला की सोबतच्या रंगपट्टीशी जुळवायचं. पट्टीवर ०, १५ पेक्षा कमी आणि १५ पेक्षा जास्त असे टप्पे असतात. रंग आलाच नाही तर किटमधल्या दुसऱ्या कुपीतला थेंब आधी टाकून पुन्हा बघायचं, कारण मीठ अल्कधर्मी असेल तर पहिल्यांदा रंग चढत नाही. ही पायरी गाळल्यामुळे बरीच मिठं उगाच नापास होतात. कुपीवरची मुदत बघा, जुनं द्रावण फिकं पडतं. काही जिल्ह्यांत आशाताईंकडे ही किट असतात, विचारून पाहा.

किट "आहे की नाही" एवढंच नीट सांगतं. १८ आहे की २८, हे त्यावरून सांगू नये. त्यासाठी प्रयोगशाळा: १० ग्रॅम मीठ पाण्यात विरघळवून, सल्फ्युरिक आम्ल आणि पोटॅशियम आयोडाइड घालून, दहा मिनिटं अंधारात ठेवून ०.००५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने अनुमापन. जितके मिलिलिटर लागले त्याला १०.५८ ने गुणलं की पीपीएम. दोन मिलिलिटर लागले तर २१. अंधारात न ठेवता केलं तर उजेडाने जास्त आयोडीन सुटतं आणि आकडा फुगतो.

तोळामासा यांच्या पाचव्या हिश्श्यात थोडी भर: आयोडेट उष्णतेला बऱ्यापैकी टिकतं, म्हणूनच दमट हवेच्या देशांत आयोडाइडऐवजी ते निवडलं. खरी गळती उकळण्यापेक्षा ओतून देण्यात आहे. मीठ घालून शिजवलेल्या भाताचं पाणी काढलं, भाजी उकडून पाणी फेकलं, की मिठाबरोबर तेही गेलं. मीठ शेवटी घालणं चांगलंच, पण आमटीत आधी घातलं म्हणून आकाश कोसळत नाही.

कोथिंबीरवडी

समजलं. म्हणजे स्वयंपाकाचं मीठ आजपासून पाकिटातलं. पण सासूबाई म्हणतात थायरॉइड आहे तर आयोडीन बंद करायला सांगितलंय शेजारच्यांनी. आणि सासऱ्यांना "लो सोडियम" मीठ आणू का? कोबी-बाजरीचं राहिलंच. लोणच्याला हे मीठ चालेल का?

ओपीडीची_खिडकी

सासूबाईंनी शेजारच्यांचं ऐकू नये. त्यांची ग्रंथी कमी काम करते म्हणून तयार हार्मोन गोळीतून जातंय. आयोडीन हा त्या हार्मोनचा कच्चा माल. तयार माल बाहेरून येत असला तरी घरच्या जेवणातलं आयोडीनचं मीठ त्यांना बाधत नाही, सहा माणसांना एकच डबा पुरे. आयोडीन कमी करायला सांगतात ते निराळ्या प्रसंगी, मुख्यतः किरणोत्सर्गी आयोडीनच्या उपचाराआधी एक-दोन आठवडे. तेव्हा डॉक्टर स्वतः यादी देतात.

उलट चूकही होते: थायरॉइड मंद आहे म्हणून आयोडीनचे थेंब सुरू करणं. ५ टक्के ल्युगॉल द्रावणाच्या एका थेंबात सुमारे ६ मिलिग्रॅम आयोडीन असतं. १५० मायक्रोग्रॅमने भागा: चाळीस दिवसांचा शिधा एका थेंबात. ग्रंथी त्याने बंदही पडते किंवा भडकतेही. इंटरनेटवरची "थायरॉइड डिटॉक्स" मंडळी हे विकतात, त्यांच्या नादी लागू नका. समुद्री शेवाळाच्या गोळ्यांचंही तसंच, केल्पमधलं प्रमाण वाटेल तसं बदलतं.

टीएसएच रक्तचाचणी ग्रंथीचं काम सांगते, आहारातलं आयोडीन नव्हे. लघवीतलं आयोडीन मोजतात ते गावाचा अंदाज घ्यायला, अनेकांच्या नमुन्यांचा मध्यक १०० ते १९९ मायक्रोग्रॅम प्रति लिटर आला तर गाव ठीक. एका माणसाने एकदा तपासून काही ठरत नाही, कालच्या जेवणाप्रमाणे आकडा हलतो. तेव्हा तपासण्यांवर पैसे घालण्यापेक्षा मिठाचं पाकीट बदला.

सासऱ्यांसाठी लो सोडियम मीठ विचारल्याशिवाय आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल, किंवा बीपीची गोळी टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी असेल तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. आणि त्यात आयोडीन असेलच असंही नाही, पाकीट वाचा. बीपीसाठी पापड, लोणचं, फरसाण, चटण्यांचे सुके मसाले कमी करा. तिथलं मीठ बहुतेकदा मोजलंच जात नाही. "मीठ कमी आणि आयोडीन पुरेसं" यात विरोध नाही. ५ ग्रॅमच घाला, पण पाचही ग्रॅम आयोडीनचं असू द्या.

जाऊबाईंबद्दल सगळ्यात महत्त्वाचं. मिठावर २५० गाठायला गेलात तर मीठच जास्त होईल. आणि गर्भवतींना मिळणाऱ्या लोह-फॉलिक ॲसिडच्या लाल गोळीत आयोडीन नसतं: ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, बस. त्यांच्या डॉक्टरांना विचारा की रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन असलेली गर्भारपणाची गोळी द्यायची का. लेबल नीट बघा: "पोटॅशियम आयोडाइड १५० मायक्रोग्रॅम" लिहिलं असेल तर आयोडीन सुमारे ११५ असतं, कारण त्यात आयोडीन ७६ टक्के. आधीपासून थायरॉइडचा आजार असेल तर ही गोळी स्वतःहून सुरू करायची नाही. पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाची ग्रंथी हार्मोन बनवत नसते, मेंदू घडतो तो आईच्या हार्मोनवर. नंतर भरून काढू, असं इथे चालत नाही.

कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी: यांतली द्रव्यं ग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाहीत हे खरं, पण शिजवल्यावर बरीच कमी होतात आणि आयोडीन पुरेसं असेल तर वाटीभर भाजीने काही होत नाही. बंद करू नका. बाजरीतल्या काही रंगद्रव्यांचा परिणाम सुदानच्या दारफूरसारख्या भागात दिसला, जिथे आयोडीन नव्हतं आणि जेवण जवळपास बाजरीचंच होतं. थंडीतली भाकरी खुशाल खा. साबुदाणा टॅपिओकाचा असला तरी पिष्ट धुऊन बनतो, कंदातली विषारी द्रव्यं त्यात उरत नाहीत. त्याची तक्रार वेगळी आहे, त्यात पिष्टाखेरीज काही नाही. सोयाबीन सासूबाईंनी गोळीजवळ घेऊ नये, गोळी नीट शोषली जात नाही. लोह कमी असेल तर ग्रंथीला आयोडीन नीट वापरता येत नाही, त्यामुळे घरातल्या बायकांचं हिमोग्लोबिन बघून घ्या.

खाजणवाट

लोणच्याला आयोडीनचं मीठ चालतं. फोडी काळ्या पडत नाहीत, चव बदलत नाही. लिंबाचा खार जरा गढूळ दिसतो, तो मीठ मोकळं राहावं म्हणून घातलेल्या द्रव्यामुळे. त्यातलं एक म्हणजे ५३६ क्रमांकाचं पोटॅशियम फेरोसायनाइड. नावात सायनाइड बघून घाबरवणारे संदेश फिरतात. त्यातलं सायनाइड लोहाला घट्ट बांधलेलं असतं, स्वयंपाकाच्या तापमानाला सुटत नाही, आणि परवानगी किलोला मिलिग्रॅममध्ये आहे.

आयोडीनचं मीठ हे कंपन्यांचं कारस्थान आहे, असं वाचनात येतंच. १९५६ मध्ये हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी मुलुखाचे तीन भाग पाडले. दोन भागांना आयोडीनचं मीठ दिलं, एकात आयोडाइड, एकात आयोडेट, तिसऱ्याला साधं. काही वर्षांत पहिल्या दोन भागांत मुलांचा गलगंड बराच कमी झाला, साध्या मिठाच्या भागात नाही. मग तिथेही आयोडीनचं मीठ दिलं, आणि तिथलाही उतरला. १९६२ चा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम त्यातूनच आला. मे २००६ पासून खाण्यासाठी साधं मीठ विकायला देशभर बंदी आहे. सुटं मिठागराचं मीठ घ्यायचं ते बर्फ, चामडं, खारवण यासाठी.

थेम्सकाठ

परदेशातल्या मराठी घरांसाठी दोन ओळी, कारण तिथे नियम उलटे आहेत. ब्रिटनमध्ये मिठात आयोडीन घालण्याची सक्ती नाही. दुकानातलं नेहमीचं मीठ बहुतेकदा बिनआयोडीनचंच, आणि तिथल्या लोकांचं आयोडीन मुख्यतः गाईच्या दुधातून येतं. म्हणजे ओट किंवा बदामाचं दूध सुरू केलं, मासे नाहीत, अंडी नाहीत, की रस्ता पूर्ण बंद. वनस्पतिजन्य दुधाच्या खोक्यावर आयोडीन लिहिलेलं असेल तेच घ्या, सगळ्यात नसतं. किंवा भारतीय दुकानातून आयोडीनचं मीठ आणा.

अमेरिकेत आयोडीनचं आणि साधं, दोन्ही मीठ शेजारी-शेजारी असतं, रंगही सारखेच. आयोडीनच्या मिठात सुमारे ४५ पीपीएम असतं. कोशर मीठ आणि समुद्री मीठ सहसा बिनआयोडीनचं, आणि तयार खाद्यपदार्थांतलंही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये २००९ पासून बहुतेक पावात आयोडीनचं मीठ सक्तीचं आहे, सेंद्रिय पाव वगळून. त्यामुळे तिथे पोळी-भाकरी खाणाऱ्या घराला पावातलं आयोडीन मिळत नाही, हा हिशेब आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही.

कोथिंबीरवडी

सगळ्यांचे आभार. दोनच शंका. बाळ झाल्यावर त्याच्या पेजेत आयोडीनचं मीठ किती घालायचं? आणि घरात अर्धं पोतं खडे मीठ उरलंय त्याचं काय करू?

ओपीडीची_खिडकी

वर्षाचं होईपर्यंत पेजेत, वरणात मीठ घालूच नका, कुठलंही. बाळाला आयोडीन आईच्या दुधातून जातं, म्हणून पाजणाऱ्या आईची गरज २५० च राहते. गोळी बाळंतपणानंतर लगेच थांबवायची नाही, डॉक्टरांना विचारून पुढे चालू ठेवा.

खाजणवाट

अंगणात माड असेल तर पावसाळ्याच्या तोंडाला आळ्यात टाका, कोकणात तेच करतात. नाहीतर मोरी, फरशी, पाय शेकायचं पाणी. स्वयंपाकघराच्या फळीवरून मात्र उतरवा, नाहीतर घाईत हात त्याच बरणीकडे जातो.